आमच्याच पैशावर आम्हीच व्याज का भरायचं?

प्रश्न : आमच्या गावात बारा बायकांचा बचत गट आहे. महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये भरतो. गटातून कर्ज घेतलं की शेकडा दोन व्याज, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. पैसे आमचेच आणि व्याजही आम्हीच भरायचं, हा काय प्रकार आहे? आमचे मालक म्हणतात, यापेक्षा भिशी बरी. त्यात दारात फायनान्सच्या मॅडम येतात. त्याही गट करा म्हणतात आणि त्यांचाही दर जवळजवळ तेवढाच. मग फरक काय राहिला? बँक बचत गटाला सात टक्क्यांनी देते म्हणतात, ते तरी खरं आहे का?
— एक वाचक, ता. कागल, जि. कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमचा राग रास्त आहे, पण हिशोब अर्ध्यावर सोडला आहे. तेवढा पुरा करू, म्हणजे मालकांनाही उत्तर देता येईल.

बारा जणींचे महिन्याला बाराशे, वर्षाला 14,400 रुपये. समजा, जमलेली रक्कम दर बैठकीत कुणी ना कुणी कर्जाऊ नेते आणि पेटीत काहीच पडून राहत नाही. पहिल्या महिन्याचे बाराशे अकरा महिने फिरतात, दुसऱ्या महिन्याचे दहा, तिसऱ्याचे नऊ. असं करत गेलं तर शेकडा दोनने वर्षाचं व्याज होतं 1,584 रुपये. वर्षाच्या शेवटी गटाकडे 15,984 रुपये जमतात. बाराने भागा, प्रत्येकीचे 1,332. भरले बाराशे आणि वर आले एकशे बत्तीस.

आता या बारा जणींपैकी तिघींकडे पाहू. पहिलीने वर्षभरात एकदाही कर्ज घेतलं नाही. तिला 132 रुपये बसल्या जागी मिळाले. दुसरीने सुरुवातीला हजार रुपये घेतले आणि महिन्याला शंभर मुद्दल फेडत दहा महिन्यांत संपवले. तिचं व्याज पहिल्या महिन्यात वीस, मग अठरा, मग सोळा, असं उतरत जाऊन एकूण 110 झालं. वाट्याला 132 आले, म्हणजे व्याज भरूनही ती बावीस रुपयांनी वर राहिली. तिसरीने सहाव्या महिन्यात पोराच्या दवाखान्यासाठी पाच हजार घेतले आणि वर्ष संपेपर्यंत पाचशेचे सहा हप्ते भरले. तिचं त्या वर्षाचं व्याज 450. त्यातले 132 तिच्याच नावावर परत आले, निव्वळ खर्च 318.

तेव्हा ‘व्याज आपल्याच खिशात येतं’ हे गटाच्या प्रशिक्षणात सांगतात, ते पूर्ण खरं नाही आणि खोटंही नाही. व्याज गटाबाहेर जात नाही, एवढं नक्की. मात्र गटाच्या आत ते जास्त कर्ज घेणारीकडून कमी कर्ज घेणारीकडे जातं. यंदा तिसरीला गरज पडली, पुढच्या वर्षी पहिलीला पडेल, आणि चार-पाच वर्षांत ते बरंचसं फिटतं. पण एकच बाई सदा कर्जात आणि बाकीच्या नुसत्या बचत करणाऱ्या असा गट असेल, तर तो गट म्हणजे त्या एका बाईसाठी लहानशी सावकारीच झाली. अशा गटांत भांडणं होतात, आणि ती होणारच. माझ्या मते गट चांगला की वाईट हे बचतीच्या आकड्यावरून ठरवू नये. कर्ज पाळीपाळीने सगळ्यांकडे फिरतं का, ते पाहावं.

मग दर दोन टक्केच का? तो कुठल्या कायद्याने ठरलेला नाही. गट बैठकीत स्वतः ठरवतो आणि बदलूही शकतो. बहुतेक गट सुरू झाले तेव्हा गावात सावकाराचा दर शेकडा पाच, कुठे दहा असा होता. त्याच्यापुढे दोन स्वस्त वाटला. शिवाय हजाराला वीस हा हिशोब कागद न घेता करता येतो. आणखी एक कारण असं की, सुरुवातीला पेटीत पैसे थोडे आणि मागणाऱ्या जास्त. दर अगदीच कमी ठेवला तर पहिल्या दोघी-तिघींतच पेटी रिकामी होते आणि खरी अडचण येते तेव्हा काही उरत नाही. गटाचा निधी वाढल्यावर दीड किंवा एक टक्क्यावर उतरलेले गट पुष्कळ आहेत. तुमच्याही गटाला ते करता येईल. पुढच्या बैठकीत विषय काढा आणि ठराव वहीत लिहून घ्या.

सावकाराशी तुलना करताना मात्र नुसता दर पाहून भागत नाही. त्याच्याकडे शेकडा पाचने पाच हजार घेतले तर बहुतेकदा महिन्याला अडीचशे नुसतं व्याज द्यायचं असतं. दहा महिन्यांत अडीच हजार दिले तरी मुद्दल पाच हजारच राहतं. गटात दर हप्त्याला मुद्दल उतरतं आणि त्याबरोबर व्याजही उतरतं. तुमच्या गटात तसं होतं ना, ते एकदा वही उघडून बघा. काही गटांत अजूनही शेवटच्या हप्त्यापर्यंत मूळ रकमेवरच व्याज लावतात. तसं असेल तर दोन टक्के म्हणून तुम्ही जवळजवळ दुप्पट भरत आहात.

आता भिशी. कोल्हापूरच्या माणसाला भिशीविरुद्ध काही सांगणं अवघड आहे. इथे तालमीची भिशी असते, गल्लीची असते, मटणाचीही असते. आमची तक्रार नाही. पण भिशीत सगळ्यांचे पैसे जमतात ते दर महिन्याला चिठ्ठी निघेल त्या एकाच्या हातात जातात आणि शेवटची चिठ्ठी निघाली की खेळ संपतो. मागे काही उरत नाही. ज्याची चिठ्ठी आधी लागली त्याला बिनव्याजी कर्ज मिळालं, ज्याची शेवटी लागली त्याने बिनव्याजी कर्ज दिलं. दवाखाना श्रावणात निघाला आणि चिठ्ठी माघात लागली, तर भिशीचा उपयोग नाही. बचत गटात रक्कम चिठ्ठीवर जात नाही, गरजेवर जाते, आणि पेटी दरवर्षी वाढत राहते. ही वाढलेली पेटी कशी उपयोगी पडते ते बँकेच्या प्रश्नात येईल. त्याआधी फायनान्सच्या मॅडमकडे वळू, कारण खरा गोंधळ तिथे आहे.

फायनान्स कंपनीच्या कर्जासाठी दहा-पंधरा बायका एकत्र बसतात, फोटो निघतो, आधार कार्डाच्या झेरॉक्स जातात, आणि बायका घरी येऊन ‘गटाचं कर्ज घेतलं’ असं सांगतात. पण या गटाची स्वतःची बचत नसते, पेटी नसते, वहीही नसते. तो एकमेकींना जामीन राहण्यापुरता असतो. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांना बसवून ठेवायचं, ही त्यामागची युक्ती. कर्ज कंपनीचं, व्याजही कंपनीचं. चोवीस टक्के दोन्हीकडे लिहिलेले दिसतात, पण गटात भरलेलं व्याज वर्षअखेरीला तुमच्या वहीत सापडतं, कंपनीचं सापडत नाही.

ही पद्धत बांगलादेशातून आली. 1976 साली चितगावजवळच्या जोबरा गावात प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी 42 जणांना मिळून अवघे 27 डॉलर दिले. त्यातून 1983 मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. पाच-पाच जणींचा गट, तारण नाही, आठवड्याचा हप्ता. 2006 मध्ये युनूस आणि बँक या दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. मात्र त्या बँकेचे बहुतेक समभाग कर्जदार बायकांच्याच नावावर होते. आपल्याकडच्या कंपन्यांनी त्यातला गट घेतला, हप्ता घेतला, मालकी मात्र गुंतवणूकदारांकडे ठेवली. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात एकेका घरावर चार-चार कंपन्यांची कर्जं चढली, वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेचे या कंपन्यांसाठीचे वेगळे नियम त्यानंतर आले.

कंपनीवाले सगळे लुटारू आहेत असं मात्र समजू नका. कंपन्या स्वतः बँकांकडून व्याजाने पैसे घेतात, माणूस दारोदार पाठवतात, बुडालेलं कर्ज सोसतात. हा सगळा खर्च दरात मिसळतो, म्हणून दर वीसच्या वर जातो. ज्या बाईचं बँकेत खातंच चालत नाही, तिला आठ दिवसांत तीस-चाळीस हजार मिळतात हेही खरं आहे. अडचण येते ती हप्त्यात. आपल्याकडे दूध संघाचं बिल दहा दिवसांनी येतं, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा, भांगलणीची मजुरी काम असेल तेव्हा. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या घरात आठवड्याला पगार येतो. तिथे आठवड्याचा हप्ता एक वेळ जमून जातो. कागल-राधानगरीच्या शेतीघरात तो दुसरीकडून उसना आणावा लागतो, आणि तो दुसरा बहुतेकदा दुसऱ्या कंपनीचा माणूस असतो. कर्जावर कर्ज चढतं ते इथून.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेला महापूर आला तेव्हा हा फरक उघडा पडला. शिरोळ, हातकणंगले, करवीर तालुक्यांत घरं पाण्यात, गोठे रिकामे. बचत गटाला बैठक घेऊन ‘दोन महिने हप्ता नको’ असा ठराव करता येतो, कारण पैसे आपलेच असतात. कंपनीच्या माणसाच्या हातात तो अधिकार नसतो, त्याला वरून आकडा दिलेला असतो. पूर ओसरल्यावर जिल्ह्यात या वसुलीविरुद्ध बायकांचे मोर्चे निघाले, माफीची मागणी झाली. त्या वेळी आणि नंतरही ‘कर्ज माफ होणार, हप्ते भरू नका’ अशी हवा अनेकदा उठली. तिच्यावर विसंबू नका. या कर्जांची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते, आणि थकबाकी दिसली की पुढे बँकेचं दारही बंद होतं.

मॅडम पुन्हा आल्या तर हे लक्षात ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती, ते एका कागदावर लिहून द्यावं लागतं, आणि कर्जाचं कार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नावं जाहीर करणं, सगळं मना आहे. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यायची, तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक 14448 आहे.

‘फक्त बारा टक्के’ असं कुणी म्हणालं, तर लगेच हरखून जाऊ नका. दहा हजारांवर बारा टक्के म्हणजे बाराशे व्याज धरून 11,200 चे बारा हप्ते पाडले, तर दर वरवर बारा दिसतो. पण तुम्ही मुद्दल दर महिन्याला परत करत असता. घटत्या मुद्दलावर मोजलं तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. आणखी एक धोक्याची गोष्ट. ‘तुझं नाव नुसतं लाव, पैसे मी भरते’ असं सांगून दुसरीच्या नावावर कर्ज उचलणारी बाई गावोगावी भेटते. कागदावर कर्जदार तुम्हीच असता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. होय, सात टक्के खरं आहे. पण ते एकट्या बाईला मिळत नाही, गटाला मिळतं, आणि तेही तीन लाखांपर्यंत. नाबार्डने 1992 मध्ये देशभरात पाचशे गट घेऊन त्यांना बँकांशी जोडून पाहिलं. त्याआधी कर्नाटकात मायराडा या संस्थेने अशा गटांचा अनुभव घेतला होता. बँकवाल्यांचा प्रश्न तुमच्यासारखाच साधा होता : ज्यांच्याकडे तारण नाही, त्यांना पैसे कशाच्या भरवशावर द्यायचे? उत्तर गटाच्या वहीत मिळालं. सहा महिने बैठक चुकली नाही, बचत चुकली नाही, आतलं कर्ज वेळेवर परत आलं, हे कागदावर दिसत असेल तर तोच भरवसा. शिवाय बारा बायकांची बारा लहान खाती सांभाळण्याऐवजी बँकेला एकच खातं सांभाळावं लागतं, म्हणून खर्चही कमी.

इथे तुमच्या चोवीस टक्क्यांना दुसरा अर्थ येतो. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाला बँकेचं पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यांपैकी जे जास्त असेल तितकं मिळू शकतं. दुसऱ्या वेळी आठपट किंवा तीन लाख. निधी म्हणजे नुसती बचत नव्हे, त्यात तुम्ही भरलेलं व्याजही धरतात. म्हणजे आत भरलेला रुपया बाहेरून सहा-आठ रुपये आणायला उपयोगी पडतो. गटाने बँकेचे पैसे सात टक्क्यांनी आणून बायकांना समजा बारा टक्क्यांनी दिले, तर मधला फरकही पेटीतच पडतो.

यात बँकेच्या शाखांतून ऐकू येणाऱ्या दोन गोष्टी खऱ्या नाहीत. एक, तारण द्या. दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण मागता येत नाही. दुसरी, आधी ठेव ठेवा किंवा बचत खात्यातली रक्कम अडकवून ठेवतो. तेही नियमात बसत नाही. शाखेत ऐकून घेतलं नाही तर तालुक्याच्या उमेद कक्षात जा, बँक सखीला बरोबर घ्या. त्यानेही न झालं तर जिल्ह्याची अग्रणी बँक म्हणजे बँक ऑफ इंडिया आहे. तिच्या जिल्हा व्यवस्थापकांकडे लेखी द्या. तुमचा गट ‘माविम’चा असेल तर सहयोगिनी ताई हेच काम करतात. माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, 1975 पासूनचं. कर्ज घेऊन धंदा काय करायचा, हा प्रश्न उरतोच; त्याचं प्रशिक्षण कोल्हापुरात कांचनताई परुळेकरांच्या ‘स्वयंसिद्धा’ने 1992 पासून दिलं आहे. सगळ्याच गटांनी पापड-लोणचीच करावीत असं काही नाही. पहिलं कर्ज बहुतेक घरांत म्हशीला, बियाण्याला किंवा दवाखान्यालाच जातं, आणि त्यात कमीपणा नाही.

एक गंमत म्हणून सांगतो. गटात वीसपेक्षा जास्त बायका का घेत नाहीत, असं पुष्कळजणी विचारतात. 1956 च्या कंपनी कायद्यात नोंदणी न करता वीसपेक्षा जास्त जणांनी नफ्याचा व्यवहार करायला मनाई होती. नवा कायदा आला, मर्यादा बदलली, पण वीसचा आकडा राहिला. तो सोयीचाही आहे, कारण वीस जणी एका ओसरीवर मावतात.

हिशोब आपल्याला कळत नाही, तो सचिवालाच कळतो, असं म्हणून वहीकडे पाठ फिरवू नका. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा आणि माणदेशी बायकांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अर्जावर अंगठे होते म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका सही शिकून परत गेल्या आणि व्याजाचं कोणतंही गणित तोंडी विचारा म्हणाल्या. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तुमच्या गटातही दर बैठकीत शिल्लक किती, कुणाकडे किती, हे मोठ्याने वाचून घ्या.

पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण दिवाळी जवळ आली की हा विषय निघेलच : गट मोडून पैसे वाटून घ्यायचे का? पुष्कळ गट तसं करतात, सणाला हातात रोख येते, आणि पाडव्याला पुन्हा शंभरापासून सुरुवात होते. मग निधी कधीच पंधरा-सोळा हजारांच्या वर जात नाही. न मोडता तीन वर्षं तसाच चालला आणि व्याजही पुन्हा कर्जात फिरत राहिलं, तर तुमच्याच महिन्याच्या बाराशे रुपयांनी निधी बासष्ट हजारांच्या घरात जातो, आणि आठपटीच्या हिशोबाने कर्जाची मर्यादा पाच लाखांजवळ. सणाला काही हवंच असेल तर मुद्दल तसंच ठेवून त्या वर्षाच्या व्याजातला थोडा भाग वाटा. ठरावात तो लाभांश म्हणून लिहा, म्हणजे तपासणीला आलेल्या बँकेच्या माणसाला गट मोडल्यासारखा वाटणार नाही.